लढाईचे रिकामे फुगे

२ जानेवारी

प्रकाशक दर वर्षी एक जाडजूड डायरी पाठवतो. सोनेरी कडा, मधे रेशमी दोरी, थाट सगळा. आमच्याकडे तिच्यात कुणी काही लिहीत नाही. चिरंजीव चित्रं काढतात, सूनबाईचा औषधाच्या दुकानात दिवसभर लिहून हात भरून येतो, आणि मला अक्षर येत नाही. मागच्या डायरीनं वर्षभर डुगडुगत्या टेबलाचा पाय सांभाळला. यंदा म्हटलं, हिला तरी बरे दिवस दाखवू. मी बोलेन, सूनबाई लिहील. दुपारी ती जेवायला घरी येते आणि बोका झोपतो, तेवढा वेळ पुरे. बोका म्हणजे नातू. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण दूध दिसलं की ज्या तऱ्हेनं चाल करून येतो, त्यावरून हेच पडलं.

सूनबाईला बजावलंय, मी म्हणेन तेच उतरवायचं. तुझ्याबद्दल वाईट बोलले तरी, चांगलं बोलले तरी.

ती म्हणाली, "चांगलं बोलायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा आई, नवं पेन आणते."

हेही लिही म्हटलं.

५ जानेवारी

प्रकाशक स्वतः येऊन गेला. मी त्याला घाईबुवा म्हणते, कारण खुर्चीवर तो नेहमी अर्धाच बसतो, उरलेला दारात असतो. त्याला ग्रीक लोकांची कुठलीशी फार जुनी लढाई मुलांसाठी चित्रांच्या पुस्तकात हवी आहे. एका गावाला वेढा घालून लोक वर्षानुवर्षं बसले होते म्हणे. मी विचारलं, "बायकामुलं नव्हती का त्यांना?" तर म्हणाला, "आजी, एका बाईवरूनच तर सुरू झालं." म्हणजे ठपका ठेवायची सोय तेव्हापासून आहे.

चिरंजीव म्हणाले, "दुसरा कुणी बघा. मी दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस."

"अरे बाबा, तू लढाई बघून आलायस. तुझ्या रेषेत ते उतरतं."

चिरंजीव खिडकीबाहेर बघत बसले. मग हो म्हणाले. लढाईवरून परत आल्यापासून ते रंगाला हात लावत नाहीत. काळी शाई, पांढरा कागद, संपलं. घाईबुवा त्याला शैली म्हणतो.

आमच्या घरच्या कामाची एक रीत आहे, ती इथे लिहून ठेवते. पान काढून झालं की त्यातले बोलण्याचे फुगे रिकामे ठेवायचे आणि आधी मला दाखवायचं. गोष्ट अगोदर सांगायची नाही. कोण काय करतंय, कोण काय म्हणतंय, हे मी नुसतं बघून सांगायचं. मी सांगेन ते तो पेन्सिलीनं फुग्यात लिहितो, मग घासूनपुसून पक्कं करतो. मी अडले तर पान फाडतो. "अक्षर न येणाऱ्याला कळलं तरच ते चित्र" असं त्याचं म्हणणं. तेव्हा त्याची सगळी पुस्तकं अर्धी माझी आहेत. माझं नाव त्यांवर नसतं. असतं तरी मला सापडलं नसतं.

१४ जानेवारी

पहिली पानं आली. समुद्राकाठी तंबू. बाहेर माणसं मरतायत आणि एक दांडगा गडी आत पाय पसरून, तोंड फिरवून बसलाय.

"हा रुसलाय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"तुझे वडील असेच बसायचे. मीठ कमी पडलं की."

चिरंजीव चक्क हसले. सूनबाई, तारखेसकट लिही. त्या गड्याला खरं नाव आहे, पण ते उच्चारताना माझे दात हलतात. आता त्याला घरात रुसोबाच म्हणायचं ठरलंय. वेढा पडलेल्या गावच्या राजाचा मोठा मुलगा आहे त्याला थोरला. एवढी दोन नावं मला पुरे आहेत, बाकीचे मरण्यापुरतेच येतात.

२३ जानेवारी

आज थोरला लढायला निघाला. चिलखत, डोक्यावर भला मोठा तुरा लावलेलं शिरस्त्राण. बायको पोर घेऊन आडवी आलीय. पोर त्या तुऱ्याला भिऊन आईच्या खांद्यात घुसलंय. पुढच्या चौकटीत बाप शिरस्त्राण जमिनीवर ठेवतो आणि पोराला उचलतो.

"हा बोका आहे!" मी ओरडलेच. मानेवरची वळी, उजव्या कानाचं वर आलेलं टोक, सगळं त्याचं. "आणि बापाच्या फुग्यात लिही, 'घाबरू नको रे, मीच आहे आत.'"

त्यानं लिहिलं.

मग माझी जीभ वळवळली. "कागदावर बाप पोराला उचलतो. मग घरातल्यानं काय घोडं मारलंय?"

तो उठून ब्रश धुवायला गेला. ब्रश धुतलेलेच होते.

बोका झाला तेव्हा हा लढाईवर होता. आला तेव्हा बोका पालथा पडायला लागला होता. आता धरून उभा राहतो. पण यानं त्याला एकदाही घेतलेलं नाही. पाळण्याशी उभा राहतो, हात पाठीमागे बांधून, मोठा साहेब पाहणीला यावा तसा. काही पुरुषांना असतं तसं. याच्या वडलांनाही तान्हं मूल हातातून सांडेल असं वाटायचं. हळूहळू सवय होते. यानं मात्र घरी आल्या आल्या सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज बसवून घेतले. म्हणजे पोराची काळजी आहे, फक्त लांबून आहे.

सूनबाईनं पेन थांबवलंय. म्हणते हे नका लिहायला सांगू. लिही.

२ फेब्रुवारी

बोक्याला गच्चीवर नेलं, कबुतरं दाखवायला. कठड्यापाशी उभी होते, तर मागून दारातून केवढ्यानं ओरडणं, "आई, मागे हो! मागे हो आधी!" कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीच्या हातातली चादर खाली पडली. वळून बघते तर चिरंजीव पांढरे फटक, दाराची चौकट धरून उभे. पुढे पाऊल टाकेनात.

खाली आल्यावर म्हणे, "मला उंचीची भीती वाटते."

शिडीच्या टोकावर उभं राहून चार मजल्यांएवढी पाटी रंगवणाऱ्याला! मी हसले. सूनबाई हसली नाही.

११ फेब्रुवारी

या आठवड्यातली पानं वाईट आहेत. म्हणजे चांगली काढलीयत, म्हणून वाईट. रुसोबानं थोरल्याला मारलं आणि त्याचं प्रेत रथाला बांधून गावाभोवती ओढलं. भिंतीवर थोरल्याची म्हातारी आई केस धरून उभी आहे. तिच्या तोंडाशी फुगा होता. मी म्हटलं, हा फुगा खोड. अशा वेळी कुणी वाक्यं बोलत नाही. त्यानं खरवडून काढला.

मग म्हातारा राजा एकटा शत्रूच्या तंबूत येतो. गुडघे टेकतो. रुसोबाचा हात धरून त्यावर ओठ टेकवतो. मी सांगितलं, "हा प्रेत मागायला आलाय. ज्यानं पोरगा मारला त्याच्याच हाताचा मुका घेतोय."

"बरोबर. तू गेली असतीस?"

"गेले असते. मुका घेतला नसता, चावले असते."

तो निब पुसत राहिला. मग म्हणाला, "आणि आई, ज्यानं मारलं त्याची आई असती तर? तिनं काय केलं असतं?"

"तिला काय धाड भरलीय? तिचा जिवंत आहे."

तो एवढंच म्हणाला, "हं."

२० फेब्रुवारी

आज करमणूक. वेढा घालणाऱ्यांनी एक मोठा लाकडी घोडा केलाय, पोटात शिपाई भरलेत, आणि गावकरी खुशीनं तो ओढून आत नेतायत. मी विचारलं, "आत बसलेल्यांची एक नंबरची सोय काय?"

चिरंजीव म्हणाले, "गोष्टीत नाही दिलेलं."

"एवढे पुरुष दिवसभर पोटात बसवले आणि सोय नाही, म्हणजे ही गोष्ट बाईनं सांगितलेली नाही."

सूनबाई हसून हसून खोकली. बोकाही उगाच हसला. चिरंजीव म्हणाले, "सोय नसते आई. अशा वेळी आपण तसेच बसतो." 'आपण' म्हणाले. घोड्यात बसल्यासारखे.

१ मार्च

शेवटचं पान आज दाखवलं. हे पान त्यानं बरेच दिवस अडवून ठेवलं होतं. दोनदा फाडलं, तेही मला न दाखवता. असं तो कधी करत नाही.

एकच चौकट, पानभर. गाव पेटलंय. उंच तटावर एक शिपाई पाठमोरा उभा. धूर. त्याच्या दोन्ही हातांत थोरल्याचं पोर, उंच धरलेलं. आमचा बोकाच, मानेवरच्या वळीसकट.

"काय दिसतं?"

"गावाला आग लागलीय. शिपायानं पोराला धुरातून वर काढलंय. खाली कुणीतरी झेलायला उभं असणार."

"काय करतोय तो?"

"वाचवतोय की. आणखी काय करणार?"

"शत्रूचं पोर आहे ते, आई."

"असेना. पोर दिसलं की माणूस आधी उचलतो, मग कुणाचं ते विचारतो. आपल्या गोष्टींत नाही का, टोपलीत घालून पुरातून नेतात? तसं." मग मी त्या शिपायासाठी फुग्यातलं वाक्यही सांगितलं. "लिही, 'धरा रे, याला धरा!'"

तो हललाच नाही. मला वाटलं पान नापास झालं. मग त्यानं पेन्सिल उचलली आणि हळूहळू, शाळेतलं पोर पाटीवर गिरवतं तसं लिहिलं. लिहिताना नाक ओढत होता. शाईच्या वासानं त्याला हल्ली सर्दी होते.

"चुकलं का माझं?" मी विचारलं.

"तू म्हणशील ते खरं, आई. रीतच आहे."

४ मार्च

सूनबाई, आज नवं पेन आण, चांगलं बोलायचंय.

आज त्यानं बोक्याला घेतलं. सकाळी बोका खुर्ची धरून त्याच्यापर्यंत गेला आणि विजारीला लोंबकळला. हा खाली बघत राहिला. मग वाकला आणि उचलला. पहिल्यांदा लांब धरला, गरम भांडं धरतात तसा. मग छातीशी. बोक्यानं त्याचं नाक पकडलं. मी चहा ओतत होते, तो बशीत न पडता ओट्यावर पडला. सूनबाई दुकानाला निघाली होती, ती जिन्यात जाऊन परत आली, काहीतरी विसरल्याचं नाटक करून.

दिवसभर शीळ घालतोय. इतकी बेसूर शीळ मी कधी एवढ्या आनंदानं ऐकली नव्हती.

८ मार्च

घाईबुवा पानं घेऊन गेला. शेवटच्या पानावर तर खूश. "मूळ गोष्टीत जरा वेगळं आहे, पण कुणाला आठवतंय? आजींनी शेवट गोड केला."

सूनबाईनं विचारलं, "मूळ गोष्टीत काय आहे?"

"ते सोडा हो वहिनी," म्हणत तो जिन्यात पोचलासुद्धा.

१२ मार्च

चिरंजीवांचा लढाईतला दोस्त आला होता. लांबलचक माणूस, दारातून वाकून येतो. मी त्याला मनात लांबू म्हटलं, मग तोंडावरही म्हटलं. तो चिडला नाही. चिरंजीवांच्या मांडीवर बोका होता. लांबू त्या दोघांकडे बघत उभाच राहिला.

टेबलावर छापखान्यातून आलेली कच्ची पानं होती. लांबूनं चाळली. शेवटच्या पानाशी थांबून फुगा वाचला. मोठ्यानं वाचला. मग हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"वाचवलं? हे तू लिहिलंस?"

"आईनं सांगितलं," चिरंजीव म्हणाले.

"काकूंना माहीत आहे?"

"नाही."

लांबू माझ्याकडे वळला. "काकू, तुमच्या मुलानं हुकूम पाळला. त्याच्या जागी मी पुढे उभा असतो तर मीही पाळला असता. तो पुढे होता एवढंच."

मी म्हटलं, "लहानपणापासून तसाच आहे तो. शाळेत बाईंनी हात वर करून उभा राहा म्हटलं, तर सुट्टी झाली तरी उभाच."

लांबूचा चहा तसाच राहिला. तो गेल्यावर चिरंजीवांनी बोक्याला जमिनीवर ठेवलं, फार जपून. मग स्वतःचे हात धुतले. पुष्कळ वेळ.

आपल्या मुलाची स्तुती झाली की मला बोलायला फार सुचतं. कुठंतरी काहीतरी चुकीचं बोलले असं वाटतंय, कुठे ते कळत नाही.

१५ मार्च

शीळ बंद. बोका लोंबकळतो, हा पाय सोडवून घेतो.

सूनबाईनं ग्रंथालयातून ती जुनी गोष्ट आणली. काल बसून वाचली, शेवटाकडून. मी म्हटलं, "मलाही सांग." तर म्हणते, "तुम्हाला आधी सांगायची नाही ना? रीत आहे."

बोक्याला आज तिनं दुकानात सोबत नेलं. औषधाच्या दुकानात पोर कशाला, विचारलं, तर म्हणाली, "राहू दे." हे लिहिताना ती माझ्याकडे बघत नाही.

१९ मार्च

घरात भांडण. चिरंजीव छापखान्यात जाऊन शेवटचं पान परत घेऊन आले. मागोमाग घाईबुवा, घामाघूम. आज पूर्ण खुर्चीवर बसला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"मुलांचं पुस्तक आहे रे! आईबाप विकत घेतात!"

"एका मुलाचीच गोष्ट आहे."

"आजींनी वाचलं ते काय वाईट आहे?"

"आईला मी शिपाई मुद्दाम पाठमोरा दाखवला. तोंड दाखवलं असतं तर तिनं बरोबर वाचलं असतं."

मी मधे पडले. "म्हणजे ते पोर वाचत नाही?"

सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "नाही, आई. त्याला तटावरून टाकतात."

"कशासाठी? एवढ्याशा पोराला?"

"मोठं होऊन बापाचा सूड घेईल म्हणून," चिरंजीव म्हणाले.

"हे ज्याच्या डोक्यात आलं त्याचं पोट बिघडलेलं असणार," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. विनोद नव्हताच तो.

शेवटी घाईबुवा थकला. म्हणाला, "नवं काढ. तुझ्याच रीतीनं आजींना दाखव. त्या जे म्हणतील ते छापतो, एक अक्षर बदलणार नाही." जाताना माझ्या कानाशी पुटपुटला, "आजी, तुमच्या हातात आहे. पोरांची झोप उडेल असं काही म्हणू नका."

२२ मार्च

कालचं आज सांगते.

दुपारीच त्यानं पान आणलं. सूनबाई डायरी घेऊन बसलेलीच होती. बोका आतल्या खोलीत झोपला होता.

या वेळी खालून काढलंय, तटाच्या पायथ्याशी आपणच उभे असल्यासारखं. खाली झेलायला कुणी नाही. शिपाई आपल्याकडे तोंड करून उभा. त्याची बोटं उघडी आहेत. पोर हातांत नाही. हात आणि जमीन यांच्या मधे आहे.

आणि शिपायाचा चेहरा यानं स्वतःचा काढलाय. आरशात बघून काढला असणार, हनुवटीवरची खूण उलट्या बाजूला आलीय.

"काय दिसतं?"

मी म्हटलं, "धूर फार काढलास."

"आई, काय दिसतं?"

"डोळ्यांना हल्ली नीट दिसत नाही."

"आई."

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. मला समजत होतं की मी आत्ता काहीही म्हणू शकते. अडले तर तो पान फाडेल. 'वाचवतोय' म्हटलं तर कदाचित पुन्हा पाठमोरा काढेल, पुन्हा शीळ घालेल, बोक्याला घेईल. घाईबुवा खूश. घरात सगळे खूश. तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचं तोंड बघितलं. लहानपणी काटा रुतला की असंच तोंड करून पाय पुढे करायचा, दुखेल हे माहीत असून.

"टाकलं," मी म्हटलं.

"कुणी?"

"तू."

त्यानं मान डोलावली. पान पास झालं की डोलावतो तशीच. मग सांगितलं. थोडक्यात सांगितलं. एक गाव. एक उंच इमारत. खोल्या रिकाम्या करत वर चढले. शेवटच्या मजल्यावर एक घर. पुरुष आधीच मेलेला. साहेब म्हणाले, "हे मोठं होऊन परत येईल." हा पुढे होता.

"पुस्तकात ते कारण वाचलं," तो म्हणाला, "तर शब्दाला शब्द तेच. इतकी वर्षं लोक तेच म्हणतायत."

मी विचारलं, "त्याची आई होती तिथं?"

"होती."

त्यापुढे मी विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही. प्रेत मागायला जाणाऱ्या म्हाताऱ्यापुढे मी केवढ्या गमजा केल्या होत्या, चावले असते म्हणून.

सूनबाई उठली. आतल्या खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. ती कडी आमच्याकडे कधी कुणी लावत नाही. ती घट्ट झालीय, जोर लावावा लागतो. तिनं जोर लावला.

संध्याकाळी तो शाई, निब, दोन शर्ट घेऊन छापखान्याच्या वरच्या खोलीत राहायला गेला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. हात उचललाच जाईना.

२५ मार्च

सूनबाई लिहायला बसलीय. मी म्हटलं, "नको बसूस." म्हणाली, "सांगा तुम्ही."

सांगण्यासारखं एवढंच. त्या पहिल्या चित्रात मला खरंच वाचवताना दिसलं होतं का, ते मी परवापासून आठवतेय. पाठमोरा होता, धूर होता, खरं. पण त्याचे हात तटाच्या बाहेर होते. ते मला दिसले होते. हात तटाबाहेर काढून कुणी पोर वाचवत नाही. मग मी तसं का म्हटलं? उत्तर सापडत नाही. सापडलं तर सांगेन, लिहून ठेव.

सूनबाई म्हणाली, "त्यांनी बोक्याला घेतलं त्या दिवशी मी तर काही न विचारता त्याला त्यांच्याच हातात ठेवून गेले असते. इतकी खूश होते."

हे तिचं वाक्य आहे. पण तेही राहू दे इथे.

२९ मार्च

लांबू आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, तो जेवतो, कामं करतो, बोलत नाही. मी डब्यात घालून दिलं. सूनबाईनं डबा बघितला. झाकण नीट बसत नव्हतं, ते तिनंच दाबून बसवलं.

मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. नाही येत. त्याचा येईल असं वाटलं होतं. तोही नीट येत नाही. येतो, मग तो लहान असतानाचं काहीतरी आठवतं, आणि त्या दुसऱ्या बाईलाही तिच्या पोराचं असंच काही आठवत असेल असं मनात येतं, की मी उठून उगाच भांडी घासायला घेते.

६ एप्रिल

पुस्तक आलं. बेल वाजली, सूनबाईनं दार उघडलं तर उंबऱ्यावर पुस्तक, माणूस नाही. तिनं आत आणलं, दार लावलं. मग बोक्याला मांडीवर घेऊन मला पहिल्यापासून वाचून दाखवलं, फुग्यांसकट. रुसोबा छान बोलतो. घोड्याच्या पानावर एका शिपायाच्या फुग्यात यानं माझं ते एक नंबरचं घातलंय. आम्ही दोघी हसलो. मग हसल्याचं लक्षात आलं आणि तिनं पान उलटलं.

शेवटच्या पानाला फुगा नाही. खाली कोपऱ्यात काहीतरी बारीक काळं छापलंय.

"काय आहे ते?"

"तुम्ही म्हणालात ते."

"दोन्ही?"

"दोन्ही. 'टाकलं.' आणि खाली, 'तू.'"

घाईबुवानं शब्द पाळला म्हणायचा. मी बोट ठेवून बघितलं. केवढंसं असतं ते. माझ्या नखाखाली दोन्ही झाकले गेले. बोक्यालाही बोट ठेवायचं होतं. मी त्याचा हात बाजूला घेतला.

आता हे मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय, आणि दोघींनाही ऐकू येतंय की पुस्तक ठेवून तो गेलेला नाही. जिन्यात आहे. त्याला खोकला झालाय. एक पायरी उतरतो, एक चढतो.

मी काही म्हणणार नाही, सूनबाई. मी त्याची आई आहे, माझं मत धरू नकोस. त्याला आत घे म्हणणार नाही, घेऊ नको म्हणणार नाही. तू हे लिहीत बसलीस तरी मी सांगत राहीन, हवं तेवढं, जिना रिकामा होईपर्यंत.

ती म्हणते, "मी उघडते. त्यांना बसू दे खुर्चीवर. पण बोक्याला तुम्ही घ्या आई. सोडू नका."

लिही, की उघडतेस. लिहून मग ऊठ.

दे इकडे. घेतला. धरलाय मी त्याला, दोन्ही हातांनी. जा, उघड.